वर्डप्रेसचे नवे खिळे आणि गुंजाला लिपी

आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गाव आहे. गोंडी भाषेच्या स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते या गावी आढळली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले गेले. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ही लिपी ‘गुंजाला गोंडी’ या नावाने समाविष्ट झाली. म्हणजे तिच्या प्रत्येक अक्षराला संगणकाच्या वर्णसंग्रहात स्वतःचा क्रमांक लाभला. परंतु क्रमांक लाभला म्हणजे अक्षर वाचकापुढे उभे राहिले, असे नव्हे. मध्ये संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणारी प्रणाली असते, आणि तिचा कस येथे लागतो.

अशा प्रणालींत वर्डप्रेस ही सर्वांत अधिक प्रचारात आहे. मे २००३ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असून आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिच्यात मराठीही आहे, तेलुगूही आहे. गोंडीसारख्या लिपीची अडचण मात्र अगदी मुळाशी होती. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठविण्यास तीन बाइट पुरतात. गुंजाला गोंडीच्या चिन्हास चार लागतात. वर्डप्रेसची जुनी कोठारे तीन बाइटांच्या मापाची होती. चार बाइटांचे अक्षर त्यांत मावतच नसे. एप्रिल २०१५ च्या ४.२ या आवृत्तीने माप वाढविले. त्या वेळी बोलबाला झाला तो भावचित्रांचा, कारण तीही चार बाइटांचीच. पण खरा लाभ झाला तो अशा मागाहून येणाऱ्या लिपींना.

दुसरा प्रश्न टंकाचा. वाचकाच्या फोनमध्ये त्या लिपीचा टंक नसेल, तर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. एप्रिल २०२४ च्या ६.५ या आवृत्तीत ‘टंकसंग्रह’ आला. आता ‘नोटो सान्स गुंजाला गोंडी’ या मुक्त टंकाची फाइल संपादकाने चढविली की ती संकेतस्थळाबरोबरच वाचकाकडे पोचते. त्यासाठी संगणकाची सांकेतिक भाषा शिकावी लागत नाही. मराठी वाचकांस याचे मोल निराळे सांगावयास नको. युनिकोडपूर्वीच्या काळात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले टंक आपण वापरले, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर आपलाच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन बसे.

डिसेंबर २०१८ पासून वर्डप्रेसमधील लेखनाची रीतच पालटली. परिच्छेद, चित्र, मथळा हे सारे वेगवेगळे ठोकळे झाले. छापखान्यात खिळे जुळवावेत तसे ते जुळवावयाचे. या योजनेस गुटेनबर्गचे नाव दिले, ते यथार्थच होय. डिसेंबर २०२५ च्या ६.९ आवृत्तीने प्रत्येक ठोकळ्याला टीप जोडण्याची सोय केली. गोंडी मजकूर एकाने लिहावा, लिपी जाणणाऱ्या वडीलधाऱ्याने दुसऱ्या गावातून अमुक शब्द तपासा असे त्याच जागी सुचवावे, हे आता शक्य आहे. जाणकार थोडे आणि विखुरलेले असतात तेथे ही सोय दिखाऊ अलंकारांहून शतपट मोलाची आहे.

गुटेनबर्ग योजनेचा चौथा व अखेरचा टप्पा बहुभाषिकतेचा असून तो अद्याप यावयाचा आहे. आदिलाबादने ज्याची वाट पाहावी, असा हाच टप्पा. पैनगंगेच्या या काठावर मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. १९५६ च्या पुनर्रचनेत या जिल्ह्याचे राजुरा व किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले. पण सीमा सरकली म्हणून बोली सरकत नाहीत. १९४० नंतरच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मारलवाई येथे गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना चालविली, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली होती. एकाच भाषेला दोन लिपी, आणि एकाच वाचकाला तीन भाषा! मूळ वर्डप्रेस मात्र एका लेखाचे दुसऱ्या भाषेतील रूप कोणते, हे आपणहून ओळखत नाही. तोवर पॉलिलँगसारखे प्लगिन जोडून ती नाती संपादकानेच जुळवावी लागतात, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर ती शाबूत आहेत की नाहीत, हे साध्या फोनवर उघडून पाहावे लागते.