धक्क्याची वीज आणि विजेचा धक्का
(द्वितीय वर्ष बी. ए.)

मराठीतला ‘धक्का’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. बोट जिथे लागते तो धक्का, आणि उघड्या तारेला हात लागला की बसतो तोही धक्काच! भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाला या दोन अर्थांची कधी गाठ पडेल असे वाटत नाही. परंतु अमेरिका-युरोपच्या किनाऱ्यांवर हौशी लोकांच्या नौकांसाठी जी छोटी बंदरे असतात, ज्यांना ‘मरीना’ म्हणतात, तेथे हे दोन्ही अर्थ एकाच केबलला बांधलेले आहेत. ते कसे, हे समजून घेणे कला शाखेच्या वाचकालाही अवघड नाही.

मरीना म्हणजे नौकांचा वाहनतळच. नौका तेथे आठवडेच्या आठवडे उभ्या असतात आणि कित्येक माणसे त्यांत राहतातही. समुद्रात असताना नौकेतील दिवे बॅटरीवर चालतात. ही वीज बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची व एकाच दिशेने वाहणारी असते. परंतु पाणी तापवायचे, वातानुकूलन यंत्र चालवायचे, तर घरातल्यासारखी वीज हवी. त्यासाठी धक्क्यावर सॉकेट असलेला एक खांब असतो व तेथून जाड केबलने वीज नौकेत घेतात. प्लग लावला की काम झाले, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात नौका आणि धक्का तीन गोष्टींत जुळावे लागतात : विजेचा दाब, आवर्तने आणि अर्थिंग. पहिल्या दोहोंत चूक झाली तर यंत्रे जळतात. तिसरीत झाली तर माणसे मरतात.

प्रथम दाबाचा विचार करू. अमेरिकेतील साध्या नौकेची जोडणी बहुधा १२० व्होल्ट, ३० अँपिअरची असते. युरोपात ती २३० व्होल्ट, १६ अँपिअरची असते. गुणाकार करून पाहिला तर एकीकडे ३६०० वॅट येतात आणि दुसरीकडे ३६८०. म्हणजे मिळणारी शक्ती जवळजवळ सारखीच. मात्र ती देण्याची रीत वेगळी. कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस हे बेट अमेरिकेचे. तेथे वीज अमेरिकन पद्धतीची आहे. तेथून निघालेली अमेरिकन नौका काही दिवसांनी फ्रान्सच्या मार्टिनिक बेटाला लागली, की समोर जवळजवळ दुप्पट दाबाचे सॉकेट असते. यावर उपाय सोपा आहे. मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवला की २३० चे १२० होतात.

पण ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. घरातली वीज एका सेकंदात अनेकदा पुढे-मागे होते. अमेरिकेत ६० वेळा, युरोपात आणि आपल्याकडे ५० वेळा. पखवाजाचा आवाज लहानमोठा केला तरी ठेका बदलत नाही, तसेच हे आहे. ६० आवर्तनांसाठी बनवलेली साधी मोटर ५० वर लावली तर तिचा वेग एक षष्ठांशाने घटतो. शिवाय तिच्या लोखंडी गाभ्यावर ताण येऊन ती तापते. पाणी तापवणाऱ्या कॉइलला आवर्तनांचे सोयरसुतक नसते. कॉम्प्रेसरच्या मोटरला मात्र असते. ही अडचण केवळ नौकांपुरती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मनीची आणि ओसाकाने अमेरिकेची जनित्रे आणली. तेव्हापासून जपानच्या पूर्वेस ५० व पश्चिमेस ६० आवर्तने आहेत. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला. पण आवर्तने बदलणारी केंद्रे अपुरी असल्यामुळे पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे नेता आली नाही.

नौकेवर हा प्रश्न बॅटरीच सोडवते. आजचे बरेचसे चार्जर कोणत्याही देशाची वीज घेतात आणि तिने बॅटरी भरतात. मग इन्व्हर्टर बॅटरीतून १२० व्होल्टची, ६० आवर्तनांची वीज तयार करतो. दोन भाषांमधल्या दुभाष्यासारखे हे काम आहे.

आता अर्थिंग. ही तार एरवी रिकामीच असते. यंत्रात बिघाड होऊन वीज त्याच्या धातूच्या अंगावर आली, तर ती या तारेने किनाऱ्याकडे परत जाते आणि तेथील स्विच पडतो. परंतु धक्क्यावरच्या सगळ्या नौकांची अर्थिंगची तार एकच. त्यामुळे एका नौकेचा ॲल्युमिनियमचा भाग आणि शेजारच्या नौकेचा कांस्याचा पंखा हे तारेने जोडले जातात. भोवती खारे पाणी असतेच! दोन भिन्न धातू, खारे पाणी आणि जोडणारी तार एवढे जमले की बॅटरी तयार होते आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पत्रा वाचवता येतो हे दाखवले होते. आजही नौकेला जस्ताचे तुकडे लावतात. पत्र्याऐवजी ते झिजतात. पण शेजारणीशी तारेने जोडलेल्या नौकेचे जस्त तिच्यासाठीही झिजते आणि लवकर संपते.

मग अर्थिंगची तार तोडून टाकावी काय? काही मालक हा मोह आवरत नाहीत, आणि येथेच जिवाशी गाठ पडते. तार तुटली की गळणारी वीज किनाऱ्याकडे जाण्यासाठी पाण्याची वाट धरते. समुद्राचे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असल्यामुळे तेथे धोका कमी असतो. नदी-सरोवराच्या गोड्या पाण्याचे उलट आहे. तेथे पाण्यापेक्षा माणसाचे खारट शरीर चांगले वाहक ठरते आणि प्रवाह शरीरातून जातो. दहा-पंधरा मिलिअँपिअरनेही स्नायू आखडतात, पोहणारा हात हलवू शकत नाही व बुडतो. अंगावर खूण राहत नाही. लोकांना वाटते, पोहता येत नव्हते. वाचवायला उडी घेणाराही त्याच सापळ्यात सापडतो.

म्हणून तार न तोडता झीज टाळणारी साधने वापरतात. एक साधन धातूंच्या भेदातून येणारा क्षीण दाब अडवते, पण बिघाडाचा मोठा प्रवाह जाऊ देते. दुसरे म्हणजे विलगक ट्रान्सफॉर्मर. त्यात वीज चुंबकत्वाच्या द्वारे नौकेत येते व नौका-किनाऱ्याचा तारेचा संबंधच उरत नाही. याखेरीज गेलेला व परतलेला प्रवाह यांची तुलना करणारे स्विच असतात. अमेरिकेच्या विद्युत-संहितेने २०१७ च्या आवृत्तीत मरीनांसाठी यांची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरवली. तेवढी तफावत दिसताच वीज तुटली पाहिजे. केबल लावण्याचाही क्रम आहे. खांबावरचा स्विच बंद ठेवून आधी नौकेचे टोक लावावे, मग धक्क्याचे, काढताना उलट. म्हणजे जिवंत केबल पाण्यात पडत नाही.

हे ज्ञान परक्या किनाऱ्यापुरते नाही. आपल्या विहिरींत पाण्यातल्या मोटरी आहेत आणि विहिरीचे पाणी गोडे आहे. मोटर काढायला किंवा पोहायला उतरण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावा. आणि पाण्यात कुणी अचानक ताठ झालेला दिसला, तर उडी मारण्याआधी धावावे ते स्विचकडे. दोरी किंवा कोरडा बांबू पुढे करावा. या चार गोष्टी घरोघरी माहीत झाल्या तर एखादा जीव नक्की वाचेल.