नाताळचें ताट

दिवाळीच्या फराळाचीं ताटें आळींतून इकडून तिकडे जाऊं लागलीं कीं सण आला, असें आपण समजतों. रुमालानें झांकलेलें ताट, त्यांत चार करंज्या, दोन लाडू, मूठभर चिवडा. तें सांभाळीत निघालेलें घरांतील एखादें मूल. आणि ताट रिकामें परत जाऊं नये म्हणून शेजारणीची चाललेली लगबग, हें चित्र कोणत्याहि मराठी माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु हेंच चित्र गोमंतकांत डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत पुन्हां एकदां दिसतें, हें घांटावरील पुष्कळ वाचकांच्या ध्यानीं नसतें. तेथें ताट ख्रिस्ती घरांतून निघतें आणि शेजारच्या हिंदु घरीं येतें. या ताटास ‘कोन्सुआद’ असें नांव आहे.

आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्या भाषेंत ‘नताल’ म्हणजे जन्मदिवस. ‘कोन्सुआद’हि त्यांचाच. पोर्तुगालांत २४ डिसेंबरच्या रात्रीं सारें कुटुंब एकत्र बसून जें जेवण घेतें, त्यास हें नांव आहे. गोमंतकांत मात्र हा शब्द जेवणाच्या मेजावरून उठला आणि ताटांत बसून उंबरठ्याबाहेर पडला. मायदेशीं जें घरच्यांपुरतें होतें, तें येथें शेजारधर्म झालें. १५१० सालीं सुरू झालेली ती राजवट १९६१ सालीं संपली. तिच्या काळांत पुष्कळ गोष्टी वरून लादल्या गेल्या. ही चाल मात्र कोणीं लादलेली दिसत नाहीं. ती आपल्याच मातीची, शब्द तेवढा परका.

ताटावरील रुमाल बाजूस सारला तर ओळखीचे चेहरे अनेक दिसतात. नेवरी ही आपली करंजीच. कुलकुल हे शंकरपाळ्यांच्या नात्यांतले. मैद्याची कणीक नारळाच्या रसांत भिजवून तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या करावयाच्या, स्वच्छ नव्या फणीच्या दांतांवर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून त्यांची गुंडाळी वळावयाची, आणि तळून काढावयाच्या. आकारावरून कोंकणींत यांना ‘किडयो’, म्हणजे अळ्या, असें गमतीचें नांव आहे. हें काम एकटीचें नव्हे. सणापूर्वीं एखाद्या संध्याकाळीं आजीपासून नातवापर्यंत सारें घर परातीभोंवतीं बसतें आणि गप्पांच्या नादांत डबे भरतात.

दोदोल मात्र कष्टाचा पदार्थ. तांदुळाचें पीठ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचा दाट रस मोठ्या कढईंत घालून तासन् तास घोटावा लागतो; एकीचा हात दमला कीं दुसरीनें कालथा घ्यावयाचा. मिश्रणांतून तेल सुटूं लागलें म्हणजे तो झाला. याच नांवाचा पदार्थ जावा व मलाया या प्रदेशांत आजहि होतो. म्हणजे ही मिठाई समुद्रमार्गानें फिरलेली आहे. बेबिंकाची तऱ्हा आणखी निराळी. नारळाचा रस, साखर, मैदा व अंड्यांचे पिवळे बलक यांचें मिश्रण थरावर थर देऊन भाजावयाचें. एक थर तांबूस झाल्यावांचून दुसरा ओतावयाचा नाहीं, आणि प्रत्येक थरावर तूप. पूर्वीं झांकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून वरून आंच देत. सात थरांची बेबिंक साधी. सोळा थरांची करणारीचें नांव गांवांत होतें. जुन्या गोव्यांतील सांता मोनिकेच्या मठांत जोगिणींच्या वस्त्रांना खळ देण्यास अंड्यांचा पांढरा भाग लागे, आणि उरलेल्या बलकांतून हा पदार्थ निघाला, अशी आख्यायिका सांगतात. २०२३ सालीं गोव्याच्या बेबिंकेस भौगोलिक मानांकनहि मिळालें.

ज्या घरीं अंडें चालत नाहीं, त्यांनीं संकोच करण्याचें कारण नाहीं. जाणती शेजारीण ताट भरतांना बेबिंक वगळते आणि नेवरी, दोदोल, दोस व पेराद ठेवते. यांपैकीं शेवटचे दोन आपल्या घरींहि सहज होण्याजोगे आहेत, म्हणून त्यांची कृति येथें देतों.

दोस म्हणजे चण्याच्या डाळीची वडी. पाव किलो डाळ चार तास भिजवून मऊ शिजवावी, पाणी निथळून गुळगुळीत वाटावी. एका नारळाचा चव वाटून घ्यावा. दोन्ही जिन्नस, ४०० ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यांत घालून मंद आंचेवर ढवळीत राहावें. हात थांबला कीं खालीं लागलेंच म्हणून समजावें. गोळा कडा सोडूं लागला म्हणजे दोन चमचे तूप व वेलचीची पूड घालून पुन्हां घोटावें, तुपाचा हात लावलेल्या ताटांत थापावें, वर कांट्यानें रेघांची नक्षी काढावी आणि गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापाव्या.

पेराद पेरूची. पेरू हें फळ मूळचें अमेरिकेंतील. काजू, अननस व मिरची यांच्याप्रमाणेंच पोर्तुगीजांच्या गलबतांतून तें आपल्याकडे आलें. पिकलेले पण घट्ट पेरू चिरून थोड्या पाण्यांत शिजवावे आणि बिया राहाव्या म्हणून गर चाळणींतून घांसून काढावा. गराच्या वजनाइतकी साखर घालून आटवावें. रंग लाल होऊन गोळा पातेल्यापासून सुटूं लागला कीं एका लिंबाचा रस व चमचाभर लोणी घालावें, आणि आणखी थोडें घोटून थापावें. पेरूच्या अंगचें पेक्टिन आणि लिंबाचें आम्ल यांच्या योगानें ही वडी आपोआप घट्ट होते व कित्येक आठवडे टिकते. दूरगांवीं पाठविण्यास इतका सोयीचा खाऊ दुसरा नाहीं.

आज हें सारें सहज वाटतें. पण अन्नाच्या या देवघेवीमागें मोठा कठीण काळ उभा आहे. कोंकणपट्टींत पाव हा शब्दच एकेकाळीं धास्तीचा होता. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडलीं तर, धर्मन्यायासन चालू होतें. त्याच्या १७३६ सालच्या हुकुमानें नवख्रिस्त्यांना अंगणांत तुळस लावण्याची बंदी केली. इतकेंच नव्हे, तर हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजवून मागाहून मीठ घेण्याचीहि बंदी केली. मीठ आधीं कीं नंतर, यावरून माणसाचा धर्म पारखला जात होता! अशा काळांत नेवरी ख्रिस्ती घरांत टिकून राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. फर्मानें दिवाणखान्यापर्यंत पोंचतात. चुलीपाशीं आजीनें शिकविलेलें पुसून टाकणें त्यांना साधत नाहीं.

भिंत एकाच बाजूनें उभारलेली होती असेंहि नाहीं. आपल्या सोंवळ्याचीहि एक भिंत होती, आणि ती कांहीं ठेंगणी नव्हती. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनीं त्यानंतर पांच वर्षांनीं तो धर्म स्वीकारला. मधल्या काळांत एका संसारांतील दोघांमध्यें अन्नपाण्याची केवढी दरी होती, तें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. नवऱ्याच्या घरींच जेथें ही स्थिति, तेथें शेजाऱ्याच्या ताटाची काय कथा! म्हणून आज एखाद्या ब्राह्मण घरांत नाताळचें ताट सहजपणें घेतलें जातें आणि त्याच ताटांतून दिवाळीचा चिवडा त्या घरीं जातो, तेव्हां त्यांत दोन भिंतींतून पडलेलीं दोन दारें आहेत, हें विसरूं नये. चतुर्थीच्या व दिवाळीच्या नेवऱ्या ख्रिस्ती घरीं जातात, नाताळच्या नेवऱ्या तिकडून येतात. पीठ तेंच, पुरण तेंच, मुरड तीच.

वसईकडे तर हें नातें अधिकच जवळचें. तेथील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती समाजांच्या घरांत शतकानुशतकें मराठीचीच बोली बोलली जाते. गोमंतकांत राहून फादर स्टीफन्स यांनीं रचिलेलें व १६१६ सालीं छापलेलें ‘क्रिस्तपुराण’हि मराठी ओवींतच आहे. ज्यांच्याशीं भाषा एक, त्यांच्याशीं पंगत निराळी ठेवणें फार दिवस चालण्यासारखें नव्हतेंच.

परंतु या ताटाचा खरा अर्थ आनंदाच्या घरीं कळत नाहीं. तो दुःखाच्या घरीं कळतो. आपल्याकडे ज्या घरीं वर्षांत कोणी गेलें असेल, तेथें दिवाळीला कढई चढत नाहीं. शेजारपाजार व आप्तेष्ट फराळ आणून देतात. गोमंतकांतील ख्रिस्ती घरींहि दुखवट्याच्या वर्षीं नाताळचे गोड पदार्थ होत नाहींत. ते शेजाऱ्यांकडून येतात. ‘कोन्सुआद’ या शब्दाचें मूळ लॅटिनमधील ‘सांत्वन करणें’ या धातूंत आहे, असें कोशकार सांगतात. शब्द एवढा प्रवास करून अखेर आपल्या मूळ अर्थापाशीं येऊन थांबला! ज्या घरीं सण करावयाचा नाहीं, त्या घरच्या मुलांना सण चुकूं नये, आणि त्या माउलीस कोणी विसरलें नाहीं हें न बोलतां कळावें, एवढेंच त्या चार नेवऱ्यांचें काम.

अलीकडे बाजारांत सारें तयार मिळतें. बेबिंक खोक्यांत येते, कुलकुल पिशवींत येतात, आणि करंज्याहि वजनावर मिळतात. नोकरी सांभाळून संसार करणाऱ्या स्त्रीनें तीं विकत घेतलीं तर तिला बोल लावण्याचा कोणासहि अधिकार नाहीं. तरी एक फरक राहतोच. खोकें परत करावें लागत नाहीं. ताट परत करावें लागतें. खोकें दारांतून देऊन निघतां येतें. ताटासाठीं घरांत यावें लागतें, दोन शब्द बोलावे लागतात, उद्यां तें भरून आणण्याचें ऋण डोक्यावर घ्यावें लागतें. शेजार त्या ऋणावर चालतो.

तेव्हां सगळेंच घरीं करावें असा आग्रह नको. एकच जिन्नस करावा. पेरू स्वस्त असतील त्या आठवड्यांत पेराद करावी, नाहींतर डाळ भिजत घालून दोस. त्याच्या आठ वड्या एका साध्या ताटांत ठेवून रुमालानें झांकाव्या आणि ज्यांचा सण आहे त्या घरीं न्याव्या. आणि ज्या घरीं यंदा सण नाहीं, तेथें आधीं न्याव्या.