तीन नावांचे एक घराणे

वलगावच्या काळ्या रानात ‘बीटी’ हा शब्द आता नवा नाही. २००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस हा जिवाणू. जर्मनीतील थुरिंजियाच्या पिठातल्या अळीत १९११ साली त्याची नोंद झाली, म्हणून हे नाव. त्याचे विष अळीचे आतडे निकामी करते.

या घराण्यात आणखी दोघे आहेत. बॅसिलस सेरियस शिळ्या भातात वाढून ओकाऱ्या-जुलाब घडवतो. बॅसिलस अँथ्रॅसिस गुरांना काळपुळी आणतो. गुण निराळे, म्हणून जातीही तीन मानल्या गेल्या.

पुढे जीनोम वाचता येऊ लागले. जीनोम म्हणजे जिवाणूची आनुवंशिक पोथी. इथे ती पन्नास लाखांहून अधिक अक्षरांची असते. दोन पोथ्यांचे जुळणारे भाग शेजारी मांडायचे आणि शेकडा किती अक्षरे सारखी आहेत ते मोजायचे. ९५-९६ च्या वर गेली की सहसा एक जात, असा ठोकताळा आहे.

या मोजणीने जुनी वाटणी डळमळली. काही ‘थुरिंजेन्सिस’ आपल्या नावाच्या इतरांपेक्षा ‘सेरियस’ला जवळचे निघाले; काही ‘सेरियस’ काळपुळीच्या जिवाणूला. मग स्वभावात एवढा फरक का? कारण अळीचे विष काय किंवा काळपुळीचे काय, त्याची कृती बहुतेक वेळा मुख्य पोथीत नसते. प्लास्मिड नावाच्या लहान, सुट्या वर्तुळांवर असते. पोथीत ठेवलेली चिठ्ठीच म्हणा ना! ती हरवते, कधी दुसऱ्याच्या हातीही जाते. काळपुळीला दोन चिठ्ठ्या लागतात: एक विषाची, दुसरी संरक्षक आवरणाची. गुरांना टोचतात ती स्टर्न लस दुसरी चिठ्ठी हरवलेल्या जिवाणूचीच आहे.

तेव्हा नुसते साम्य पाहून सर्वांना एकच नाव दिले, तर गुरांच्या डॉक्टरची पंचाईत व्हायची. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी तोडगा सुचवला: जात पोथीवरून ठरवा आणि विषाचा गुण नावापुढे वेगळा लिहा.

या नात्याने बीटी कपाशीचे भय मात्र धरू नका. त्या झाडात जिवाणू नसतो; अळीच्या विषाचे जनुक तेवढे असते. पण जनावर एकाएकी मेले आणि नाकातोंडातून काळे रक्त आले, तर ते फाडू नका, कातडे काढू नका. काळपुळीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. आधी पशुवैद्यकाला कळवा.