लेकी कुठं दिल्यात?

लोह्यात कुणाच्या घरी मयत झाली की भावकीच्या आधी आप्पांना फोन जातो. आप्पांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. नाव छापायचं नाही या अटीवरच त्यांनी मला सोबत येऊ दिलं, म्हणून इथे ते नुसते आप्पा. कोण गेलं ते ऐकून घेतात आणि लगेच विचारतात, "लेकी कुठं दिल्यात?"

लेक आल्याशिवाय माती होत नाही. ती कंधारला दिलेली असेल तर तासाभरात येते. देगलूर-उदगीरकडे असेल तर दुपार होते. जावई चाकणच्या कंपनीत असला तर रात्र काढावी लागते आणि शीतपेटी मागवावी लागते. खड्डा कधी काढायचा, लाकूड कधी टाकायचं, भजनी मंडळाला किती वाजता सांगायचं, हे सगळं गणित त्या एका उत्तरावर बसतं.

पुढचा प्रश्न जाळायचं की पुरायचं. नांदेड-लातूरच्या या पट्ट्यात लिंगायत घरं पुष्कळ, आणि तिथे देहाला बसवून समाधी देतात. अंग ताठायच्या आत मांडी घालावी लागते. म्हणून अशा घरचा निरोप आला की आप्पा हातातला घास ठेवून निघतात. मी पाहिलं त्या दिवशी म्हातारबुवांना जाऊन फार वेळ झाला नव्हता. आप्पांनी आधी दोन्ही गुडघे तळव्यांनी हळूहळू चोळले, मग एकेक पाय मुडपून मांडी जुळवली, पाठ भिंतीला टेकवली आणि मान कलू नये म्हणून कपाळावरून उपरण्याची पट्टी बांधली. सगळा वेळ ते मयताशी बोलत होते, "थोडं वाकवतो बघा आता." जंगम स्वामी आल्यावर आप्पा मागे सरले. विभूती, बेल, डाव्या तळहातावरचं इष्टलिंग, हे सगळं स्वामींचं काम. खड्ड्यातल्या कोनाड्यात देह नीट बसतो की नाही, हे मात्र आप्पांनी आधीच आत उतरून, स्वतः मांडी घालून पाहिलं होतं.

तिरडी बांधायला घेतली की आप्पा कमी बोलतात. दोन लांब बांबू, मध्ये आडवे तुकडे, सुतळी, वर कडबा. हल्ली दुकानात मयतीचं सामान एका पिशवीत मिळतं, पण त्यातली सुतळी ते बोटात ओढून बघतात आणि बहुतेक वेळा बाजूला टाकतात. बांधून झालं की दोन्ही हातांनी भार देतात. कुठे करकरलं तर ती गाठ पुन्हा. चितेला तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. तळाला जाड ओंडके, त्यांच्यामध्ये वाऱ्याला वाट, छातीवर वजनदार लाकूड. पावसाळ्यात ओली बाभूळ नुसती धुपत राहते, म्हणून गोवऱ्यांची पोती उन्हाळ्यातच आडोशाला पडतात. गरिबाच्या घरी लाकडाच्या पैशाचा विषय आप्पा निघू देत नाहीत. वखारीत त्यांचं खातं आहे. वर्षाकाठी चार दुकानदार मिळून ते फेडतात.

हे काम ते कसं शिकले? तरुणपणी म्हाताऱ्यांच्या मागे फिरून. पण धीर आला किल्लारीत, असं ते सांगतात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडी भिंती, वर मातीची जड माळवदं. माणसं झोपेतच गाडली गेली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. भाकरी बांधून लोह्याहून निघालेल्या माणसांत आप्पाही होते. पाऊस पडत होता, सरपण नव्हतं. पडलेल्या घरांचीच लाकडं ओढून चिता रचल्या, एकेकीवर अनेक देह. "कोण कुठल्या जातीचं, कुणी इचारलं नाही," एवढंच ते बोलतात.

२०२०-२१ मध्ये कोरोना आला तेव्हा मुलांनी आप्पांना घराबाहेर पडू दिलं नाही. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, आणि सख्खेही लांब उभे राहत. गल्लीतली पोरं पुढे झाली. आप्पा फोनवरून सांगत, ती करत. आज त्या पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. खड्डा काढायला, खांदा द्यायला माणूस कमी पडत नाही.

आप्पांचं निम्मं काम मात्र स्मशानाबाहेरचं आहे. राख सावडून अस्थी नांदेडला गोदावरीत सोडल्या, तेरावं जेवून पाव्हणे पांगले, की आप्पा त्या घरी पुन्हा जातात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी, असं १९६९ चा कायदा सांगतो. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत गोष्ट जाते. नोंद नाही तर दाखला नाही. दाखला नाही तर सातबाऱ्याला वारस लागत नाही, विमा अडतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, विधवेला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. दुःखात बुडालेल्या बाईला हे कोण सांगणार? आप्पा ओसरीवर बसतात, चहा घेतात, आधार कार्डावरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघतात. 'गंगाबाई'ची 'गंगुबाई' झाली तर पुढे सहा महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

स्मशानात शेड झाली, शववाहिका आली, नळ आला. आप्पांना त्याचा आनंद आहे. पोरांबद्दलही तक्रार नाही. फक्त त्यांच्या ग्रुपवर एखादी माती उरकली की 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. "खांद्याला चार लागतात, ते मिळत्यात," आप्पा म्हणाले. "मला चौदाव्या दिवशी येणारा एक पाहिजे."