दुनळीची जन्मपत्रिका

वाड्यातली जुनी बंदूक बाहेर निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीची?’ मग दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव वाचून उत्तर दिले जाते, आणि ते बरेचदा चुकते. पट्टीवर ‘मँटन, कलकत्ता’, ‘रॉडा, कलकत्ता’ किंवा ‘आर्मी अँड नेव्ही’ असेल, तर ते बहुधा विकणाऱ्याचे नाव असते. ही मोठी दुकाने विलायतेत, मुख्यत्वे बर्मिंगहॅममध्ये, माल बनवून घेत आणि त्यावर आपले नाव घालत. बेल्जियमच्या काही कारागिरांनी तर नामांकित इंग्रजी घराण्यांशी मिळतीजुळती नावे स्वस्त बंदुकांवर सर्रास कोरली.

खरी ओळख पटवायची तर बंदूक मोडून रिकामी असल्याची खात्री करावी, नळ्या उतरवाव्यात आणि उलट्या धराव्यात. बुडाशी, सपाट भागावर, बारीक ठसे दिसतात. हे सरकारमान्य चाचणीघराचे शिक्के. जादा दारूचा बार सोसून नळी शाबूत राहिली, तरच ते उठत. लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरे असली तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड असतील तर बर्मिंगहॅमची, १९०४ पूर्वीची. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेल्या, इंग्रजी नळीवर साधारण १८७५ ते १८८७ या काळात पडत. पत्त्यांतल्या चौकटीच्या आकारात ‘१२’ आणि ‘सी’ असेल तर काळ १८८७ च्या अलीकडचा. त्यातला ‘१२’ हा बोर: बारा बोर म्हणजे नळीच्या व्यासाच्या बारा शिसगोळ्यांचे वजन एक पौंड. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो.

बांधणीही काळ सांगते. बाहेर घोडे असलेली दुनळी साधारणपणे जुन्या पद्धतीची. घोडे पोटात घेणारी सुटसुटीत रचना वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली या जोडीने १८७५ मध्ये काढली आणि पुढे जगभर तीच चालली.

नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ती घडवीत. नक्षी देखणी, पण या नळ्या मूळच्या काळ्या दारूसाठी. बिनधुराच्या दारूची चाचणी झाली असेल तरच बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या बंदुकीवर मुकुटाखाली ‘एनपी’ सापडते. तो ठसा नसेल, तर खडकीच्या कारखान्यातले आजचे काडतूस अशा नळीत घालू नये.

इथे आणखी एक फसगत आहे. जुन्या बंदुकीचे काडतूसघर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात अलगद बसते, कारण काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची. ते उलगडायला जागा न मिळाल्याने छर्ऱ्यांची वाट अडते आणि दाब वाढतो.

परवानाधारक बंदूक कारागीर आधी या गोष्टी तपासतो. पुढचा लाकडी हात काढून, नळ्या मिटवून हलवून पाहतो. खुळखुळ झाली तर नळ्यांखालचा आकडा आणि खीळ झिजलेली असते. मग खीळ जाड बसवतात किंवा आकड्यावर धातू भरून घासून जुळवतात. नळ्या दोरीने टांगून टिचकी मारतो. स्वच्छ टणत्कार आला तर पट्टी घट्ट, बद्द आवाज आला तर कथिलाचा डाग सुटलेला. याच डागामुळे कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात नळ्या काळ्या करणे हा अडाणीपणा ठरतो. हळूहळू गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, हीच पद्धत. पोचा आतून ठोकळा घालून काढता येतो. नळीची जाडी मात्र वाढवता येत नाही. इंग्लंडमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत गेलेल्या नळीकडे जाणकार संशयाने बघतात.

लाकडी दस्ता तेल पिऊन काळा पडलेला असतो. मनगटाजवळची चीर आतून खिळी घालून सांधतात. चपटी स्प्रिंग तुटली तर कारागीर ती हाताने घडवतो. साधा पेचकस घेऊन घरी स्क्रू सोडायला बसू नये. जुन्या स्क्रूंच्या खाचा हातानेच कापलेल्या असतात आणि लगेच चावल्या जातात.

कायद्याचे कामही दुरुस्तीइतकेच निकडीचे. परवानाधारक वारल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटवला.

म्हणून नळी पातळ, ठसा काळ्या दारूचा आणि खीळ ढिली असेल, तर अशा बंदुकीची सर्वोत्तम दुरुस्ती म्हणजे तेल, कोरडी जागा, ठशांची नोंद आणि नावावर परवाना. बार काढायचाच असेल तर परवाना घेऊन नवी घ्यावी. दोन बाळगायला कायदा मुभा देतो.