जेझुइटांच्या मैदानावरचे नऊ गडी

३ नोव्हेंबर १८५९. न्यूयॉर्कजवळच्या सेंट जॉन्स या जेझुइट कॉलेजच्या ‘रोझ हिल’ संघाने सेंट फ्रान्सिस झेवियर कॉलेजचा ३३-११ असा धुव्वा उडवला. एका बाजूला नऊ गडी, अशा पद्धतीचा हा पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना मानला जातो. त्याच वर्षी १ जुलैला ॲम्हर्स्ट आणि विल्यम्स कॉलेजं भिडली होती खरी, पण तिथे तेरा-तेरा खेळाडू होते आणि पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद!

रोझ हिलचा सामना मात्र न्यूयॉर्कच्या नियमांनी झाला आणि त्यांत हा मार नव्हता. पण हातमोजे कुणाकडेच नसत. चेंडू खालून टाकायचा आणि आपल्या गल्ली क्रिकेटसारखं ‘वन टप्पा आउट’ चालायचं.

सेंट जॉन्स कॉलेजात पुढे हवानाचा एस्तेबान बेयान शिकायला आला. तो रोझ हिलकडून खेळला आणि १८७१ मध्ये ट्रॉय हेमेकर्स संघातर्फे व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरलेला पहिला लॅटिन अमेरिकन ठरला. मायदेशी परतल्यावर डिसेंबर १८७४ मध्ये त्याच्या हवाना संघाने मातान्सासच्या संघाला ५१-९ असं लोळवलं.

सेंट जॉन्सचं नाव १९०७ मध्ये बदललं. आजचं फोर्डॅम विद्यापीठ ते हेच.