चुनखडीचा आकडा मागून घ्यावा

मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली आणि मातीचे १२ आकडे शेतकऱ्याच्या हाती येऊ लागले. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. या बारांत मुक्त चुनखडी मात्र नाही. काळ्या जमिनीत भाजीपाल्याचा मळा करणाऱ्याला तर तोच आकडा सर्वांत आधी हवा. प्रयोगशाळेत मागितला की तो मिळतो, म्हणून मागावाच.

नमुन्याचे नियम थोडक्यात सांगायचे तर बांध, झाड, उकिरडा आणि विहीर टाळावी. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती तासून एकत्र करावी आणि चार भाग करत करत अर्धा किलो उरवावी. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरपे वापरू नये.

प्रयोगशाळेतली स्फुरदाची तपासणी उभे राहून पाहण्यासारखी असते. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती घुसळून गाळतात. त्यात मॉलिब्डेटचे द्रावण मिसळले की नितळ पाणी हळूहळू निळे होत जाते. निळाई जितकी गडद, तितका स्फुरद जास्त. ओल्सेन यांची ही पद्धत १९५४ सालची, आणि चुनखडीच्या जमिनींसाठी आजही तीच वापरतात.

आता हिशेब. कांद्याला हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी शिफारस आहे. हेक्टरात जवळपास १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला एक किलो नत्र आणि अर्धा-अर्धा किलो स्फुरद-पालाश. दहा गुंठ्यांच्या वाफ्यांना स्फुरद लागला पाच किलो. डीएपीच्या ५० किलोंच्या एका गोणीत तो २३ किलो असतो! ‘एक गोणी टाकून देऊ’ म्हणणारा गरजेच्या चौपटीहून अधिक स्फुरद देतो. अहवालात स्फुरद आधीच ‘जास्त’ असेल, तर शिफारशीतूनही पाव भाग कमी करायचा. उरतो पावणेचार किलो, म्हणजे सुमारे साडेतेवीस किलो सिंगल सुपर फॉस्फेट. त्यातून गंधकही मिळते, आणि कांद्याला ते हवेच असते. भाजीच्या मळ्यात सर्वाधिक पैसा वाया जातो तो स्फुरदावर, हे ठामपणे सांगायला हवे.

पण खरी गंमत लोहाची. काळी जमीन बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर. तरीही त्याच जमिनीत घेवड्यावर केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते, आणि चुनखडी सामू आठच्या आसपास धरून ठेवते. अशा मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ते सोड्यासारखे फसफसते. चुनखडी दहा टक्क्यांच्या वर गेली की पिवळी पाने पाहून युरिया ओतण्यात अर्थ नाही.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, थेट टाकली, तरी तिचे हिरवट खडे अशा मातीत पाहता पाहता तांबूस होतात. लोह पुन्हा अडकले! म्हणून ती मुरलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ठेवून मग सरीत द्यावी. चिलेटेड लोह घेताना डब्यावरचे नाव वाचावे. ईडीटीए आम्लधर्मी मातीत टिकते, पण चुनखडीत त्याच्याकडून लोह सुटते. जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए घ्यावे. ते महाग आहे, म्हणून जिथे केवडा दिसतो तेवढ्याच वाफ्यांना द्यावे.

जस्ताचेही असेच. अहवालात ते ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर गुंठ्याला २०० ते २५० ग्रॅम झिंक सल्फेट शेणखतात कालवून द्यावे. डीएपीच्या ढिगात ते मिसळू नये, कारण स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडवतात. डीएपीच्या जादा गोण्या पडलेल्या मळ्यात जस्ताचा रकाना म्हणूनच आधी तपासावा, आणि पुढचा नमुना पीक निघाल्यावर, शेणखत पडण्यापूर्वी, त्याच वाफ्यांतून घ्यावा.